शेल्फखालचे २०० नॉट: एका उतरणीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेत जेट चालवणाऱ्या वैमानिकाला झोपेतून उठवून विचारले तरी '१०,००० फुटांखाली २५० नॉट' (नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल) हे उत्तर चटकन मिळेल. क्लास बी, म्हणजे सर्वांत गर्दीच्या विमानतळांभोवतीच्या कडक नियंत्रणाच्या हवाईक्षेत्राच्या खालच्या अंगाला २०० नॉटची आणखी एक मर्यादा आहे, ही गोष्ट मात्र आठवावी लागते, आणि ती आठवण्याची वेळ नेमकी तेव्हा येते जेव्हा कॉकपिटमध्ये इतर चार कामे एकाच वेळी चालू असतात. पुढील प्रसंग सरावासाठी रचलेला आहे. त्यातील विमानतळ, विमाने आणि माणसे कल्पित आहेत. नियम, त्यांतील आकडे आणि ज्या अपघातांचा उल्लेख येईल ते अपघात मात्र खरे आहेत. नियंत्रकाने दिलेला वेग आणि नियमाने घातलेला वेग यांत तफावत पडली तर वैमानिकाने काय करायचे, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अनेकदा चुकीच्या जागी शोधले जाते असे मला वाटते.

प्रसंग असा. एका मोठ्या विमानतळाभोवती क्लास बी क्षेत्र आहे. अशा क्षेत्राची रचना पायऱ्यांच्या विहिरीसारखी असते: तळाशी अरुंद, आणि वर येताना प्रत्येक टप्प्यावर रुंद होत जाणारी. मधल्या भागात ते थेट जमिनीपासून सुरू होते, बाहेरच्या वर्तुळांत मात्र त्याचा तळ वर उचललेला असतो. या उचललेल्या भागाला वैमानिक 'शेल्फ' म्हणतात. आपल्या प्रसंगातल्या शेल्फचा तळ समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांवर आहे. त्याच्या खाली, मुख्य विमानतळापासून १५ समुद्री मैलांवर, एक छोटा विमानतळ आहे. त्याची उंची ६०० फूट, त्याला स्वतःचा नियंत्रण टॉवर, आणि भोवती त्या टॉवरच्या अखत्यारीतले क्लास डी क्षेत्र. क्लास डीच्या बाहेर पण शेल्फच्या खाली जी हवा उरते ती बहुतेक क्लास ई. तिथे नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला कोणाशीही रेडिओवर बोलण्याची सक्ती नाही.

एक व्यावसायिक जेट याच छोट्या विमानतळाकडे निघाले आहे. ४,००० फूट, २५० नॉट, म्हणजे ते क्लास बीच्या आत आहे आणि पूर्णपणे नियमात आहे. विमानतळ साधारण १५ मैलांवर असताना अप्रोच नियंत्रक (उतरायला येणारी विमाने सांभाळणारा) सांगतो: २,५०० फुटांपर्यंत उतरा, पुढील सूचनेपर्यंत वेग २३० नॉट ठेवा, तुमच्या मागे दुसरे जेट आहे. सहवैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो. कॅप्टन थ्रस्ट (इंजिनांचा जोर) कमी करून मिनिटाला सुमारे १,२०० फुटांची उतरण धरतो. ३,००० फूट ओलांडताना वेगदर्शकाचा काटा २३२ वर आहे.

सहवैमानिकाची नजर नकाशावर जाते. "सर, आपण शेल्फच्या खाली आलोय. इथे २०० आहे ना?"

"कंट्रोलरने २३० दिलंय," कॅप्टन म्हणतो. "दोनच मिनिटांचा प्रश्न आहे."

तेवढ्यात नियंत्रकाचा आवाज येतो: एक वाजताच्या दिशेला (नाकाच्या किंचित उजवीकडे), ३ मैलांवर, समोरून येणारे विमान, उंची २,२०० दिसते, माझ्या संपर्कात नाही. दोघेही काचेतून पाहू लागतात. धूसर हवेत काहीच दिसत नाही. काही सेकंदांत टक्कर-इशारा यंत्रणा बोलते: "ट्रॅफिक, ट्रॅफिक." कॅप्टन २,८०० फुटांवर उतरण थांबवतो आणि तसे नियंत्रकाला कळवतो. दोन आसनांचे एक प्रशिक्षण विमान उजव्या बाजूने ६०० फूट खालून निघून जाते. ते त्यांना दिसते ते जवळजवळ बाजूला आल्यावरच. आपल्या वरून जेट गेले हे त्या विमानातल्या माणसाला कळले की नाही, कोणास ठाऊक.

येथे कोणालाही इजा झाली नाही, दोन विमानांमधले अंतरही भयंकर म्हणावे इतके कमी झाले नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग अभ्यासाला चांगला आहे. अपघात झाला की सारे लक्ष शेवटच्या सेकंदावर खिळते. येथे ते त्याआधीच्या दीड मिनिटावर ठेवता येते.

आता नियम पाहू. अमेरिकी संघराज्य नियमावलीतील कलम ९१.११७ वेगमर्यादांविषयी आहे. त्याचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाची शब्दरचना वेगळी आहे, हेच लक्षात घेण्यासारखे. पहिला भाग म्हणतो की समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांखाली २५० नॉटांहून अधिक दर्शनी (वेगदर्शकावर दिसणाऱ्या) वेगाने उडता येणार नाही. यातून सूट देण्याचा अधिकार हवाई वाहतूक प्रशासनाच्या प्रमुखाकडे आहे, माइकवर बसलेल्या नियंत्रकाकडे नाही. दुसरा भाग म्हणतो की क्लास सी (मध्यम गर्दीच्या विमानतळांभोवतीचे) किंवा क्लास डी क्षेत्राच्या मुख्य विमानतळापासून ४ समुद्री मैलांच्या आत आणि जमिनीपासून २,५०० फूट किंवा त्याखाली मर्यादा २०० नॉट आहे. पण येथे 'नियंत्रकाने परवानगी दिली किंवा तशी गरज सांगितली नसेल तर' अशी सूट स्पष्टपणे लिहिलेली आहे. हा दुसरा भाग क्लास बीच्या आतल्या उड्डाणांना लागू होत नाही. तिसरा भाग म्हणतो की क्लास बीच्या खाली असलेल्या हवेत, किंवा क्लास बीमधून नजरेच्या उड्डाणांसाठी आखलेल्या मार्गिकेत, २०० नॉटांहून अधिक वेग चालणार नाही. या तिसऱ्या भागात नियंत्रकाच्या परवानगीचा शब्दही नाही. चौथा भाग एवढेच सांगतो की एखाद्या उड्डाणासाठी विमानाचा किमान सुरक्षित वेगच या मर्यादेहून जास्त असेल तर त्या किमान वेगाने उडावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातला आकडा एकच आहे, २०० नॉट, आणि सारा घोळ या सारखेपणातून होतो. आकडा तोच असला तरी तो शिथिल करण्याचा अधिकार तोच नाही. आपल्या जेटने आणखी चार-पाच मैल पुढे जाऊन क्लास डीमध्ये प्रवेश केला असता आणि टॉवरने "वेग कमी करू नका, २२० ठेवा" असे म्हटले असते, तर दुसऱ्या भागाची मर्यादा त्या वाक्याने उठली असती. पण डोक्यावर शेल्फ असल्यामुळे तिसरा भाग तिथेही लागू आहे, आणि तो टॉवरच्या शब्दाने उठत नाही. हाच छोटा विमानतळ शेल्फच्या सावलीबाहेर असता तर टॉवरची तीच सूचना पाळणे पूर्ण वैध ठरले असते. वर काय आहे यावर खालचा नियम ठरतो, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेबाहेर पाहून तर मुळीच नाही.

चौथ्या भागाचा आधार येथे घेता येईल का? नाही. तो भाग अशा विमानांसाठी आहे ज्यांना कमी वेगात सुरक्षित राहणे खरोखर शक्य नसते. पूर्ण भारानिशी उड्डाण केलेले अवजड विमान फ्लॅप (कमी वेगात पंखांना जास्तीची उचल देणारे पल्ले) आत घेतल्यावर २५० नॉटांखाली राहू शकत नाही, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आपले जेट २०० नॉटांवर सहज उडते. मागचे विमान जवळ येते आहे, ही रांगेची अडचण आहे, किमान सुरक्षित वेगाची नाही.

क्लास बीच्या आत, जिथे विमानांची गर्दी सर्वाधिक, तिथे २५० नॉट चालतात आणि त्याच्या खाली, तुलनेने मोकळ्या हवेत, फक्त २००. प्रथम वाचताना हे उलटे वाटते. पण गर्दी किती आहे यावर ही मर्यादा ठरलेली नाही. विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम कोण करतो, यावर ती ठरलेली आहे. क्लास बीमध्ये कोणीही स्पष्ट परवानगीशिवाय शिरू शकत नाही, आणि आत आलेल्या प्रत्येक विमानाला, मग ते नजरेच्या नियमांनी उडणारे का असेना, नियंत्रक इतरांपासून वेगळे ठेवतो. शेल्फच्या खाली ही हमी संपते. तिथे ज्याला क्लास बी टाळायचे आहे असा प्रत्येक छोटा वैमानिक तळाखालच्या त्याच पातळ थरात दाटीने उडतो, आणि उरते ते फक्त 'पाहा आणि टाळा'.

पाहण्याला किती वेळ लागतो याचा हिशेब अमेरिकी हवाई प्रशासनाने आपल्या सल्लापत्रकात फार पूर्वीच मांडला आहे. वस्तू दिसण्यापासून ती विमान आहे हे ओळखणे, आपण टकरीच्या मार्गावर आहोत हे उमगणे, कुठे वळायचे ते ठरवणे, हात हलणे आणि विमानाने प्रतिसाद देणे, या सगळ्यांची बेरीज १२.५ सेकंद. त्यातील तब्बल ५ सेकंद टकरीचा धोका उमगण्यात जातात, कारण टकरीच्या मार्गावरचे विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे थांबते आणि नुसते मोठे होत जाते. हलणारी वस्तू डोळा पकडतो, थांबलेली सोडून देतो.

आपल्या प्रसंगात जेट २३० नॉटांवर आणि समोरचे प्रशिक्षण विमान सुमारे १०० नॉटांवर धरले तर दोघे सेकंदाला जवळपास १७० मीटर वेगाने जवळ येतात. १२.५ सेकंदांत ते दोन किलोमीटरहून थोडे अधिक, नेमके सांगायचे तर साधारण २,१२० मीटर अंतर खातात. एवढ्या अंतरावरून ११ मीटर पंखांचे विमान, हात लांब करून पाहिले तर, ३ मिलिमीटर रुंद दिसते. एक तीळ. आणि तोही समोरून, जिथे पंखांची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ असते. जेट २०० नॉटांवर असते तर हेच अंतर साधारण १,९३० मीटर झाले असते. फरक फार मोठा नाही, हे मी मान्य करतो. क्लास ईमध्ये नजरेच्या उड्डाणाला किमान ३ मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर दृश्यमानता लागते. २३० नॉटांवर ते अंतर २८ सेकंदांत सरते, २०० नॉटांवर ३१ सेकंदांत. हाती आलेले हे जास्तीचे तीन सेकंद १२.५ सेकंदांच्या हिशेबात मात्र जवळपास एक चतुर्थांश आहेत. शिवाय वळण्याची जागाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: २५ अंश कलून वळताना २५० नॉटांवर वळणाची त्रिज्या साधारण ३.६ किलोमीटर होते, २०० नॉटांवर २.३.

हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर युनायटेड या कंपनीचे डीसी-८ जेट आणि टीडब्ल्यूए या कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन या प्रवासी विमानांची टक्कर होऊन जमिनीवरच्या माणसांसह १३४ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत डीसी-८ आपल्या परवानगीच्या मर्यादेपुढे गेल्याचे निष्पन्न झाले आणि त्याचा अतिवेग हे साहाय्यक कारण नोंदले गेले. ९ मार्च १९६७ रोजी ओहायोतील अर्बानाजवळ टीडब्ल्यूएचे डीसी-९ जेट डेटन शहराकडे उतरत असताना एका छोट्या बीचक्राफ्ट बॅरनवर आदळले आणि २६ जण गेले. त्या वेळी डीसी-९चा वेग ३२३ नॉट होता. नियंत्रकाने जेमतेम मैलभर पुढे संथ विमान असल्याचे सांगितले होते आणि वैमानिकांनी ते ऐकल्याची पोचही दिली होती. चौकशी अहवालाने वैमानिकांच्या न पाहण्यावर बोट ठेवले, पण त्याच्याच जोडीला वेगामुळे पाहण्याची क्षमता घटल्याचे आणि नियंत्रित व अनियंत्रित विमाने मिसळलेल्या हवेसाठी ती नियंत्रण व्यवस्था बनलेलीच नव्हती, हेही नोंदवले. त्याच वर्षाच्या अखेरीस १०,००० फुटांखालची २५० नॉटांची मर्यादा सर्वत्र लागू झाली. आपल्या कॅप्टनला मिळालेली सूचना आणि अर्बानाच्या वैमानिकांना मिळालेली सूचना, दोन्हींचा साचा तोच आहे: समोर कोणी तरी आहे, माझ्या हातात नाही, तुम्ही पाहा.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. क्लास बीच्या मुख्य विमानतळापासून ३० समुद्री मैलांच्या आत बहुतेक विमानांना उंची सांगणारा ट्रान्सपाँडर (रडारला आपोआप उत्तर देणारे उपकरण) लागतो, १ जानेवारी २०२० पासून स्वतःचे स्थान प्रसारित करणारी यंत्रणाही लागते. म्हणून तर नियंत्रकाला त्या प्रशिक्षण विमानाची उंची दिसली. पण जमिनीपासून सुमारे २,००० फुटांवर टक्कर-इशारा यंत्रणेचा पहिला इशारा टकरीच्या अंदाजे २५ सेकंद आधी येतो, त्यातले १२.५ सेकंद वरच्या हिशेबात गेलेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅप्टनचे म्हणणे असे की नियंत्रकाची सूचना मोडणे हाही नियमभंगच आहे. कलम ९१.१२३ ते सांगतेही. मग दोन नियमांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाने काय करायचे? माझे मत असे की येथे कात्रीच नाही. नियंत्रकांच्या कार्यपुस्तिकेतच लिहिले आहे की १०,००० फुटांवर २५० नॉटांहून अधिक वेग दिलेल्या विमानाला त्याखाली उतरवले तर वैमानिक नियंत्रकाला न सांगता २५० वर येईल असे गृहीत धरावे. आणि लगेच पुढे, कलम ९१.११७ च्या इतर तरतुदीही वैमानिक न सांगता पाळेल असे गृहीत धरावे. म्हणजे २३० म्हणणाऱ्या नियंत्रकाच्या वाक्यात 'शेल्फच्या खाली गेलात की २००' हे आधीच दडलेले आहे. 'सामान्य वेग घ्या' असे नियंत्रकाने म्हटले तरी तेवढ्याने नियमाची मर्यादा उठत नाही, तसेच हे.

न सांगता वेग कमी करायला कॅप्टन मोकळा होता, तरी त्याने सांगायलाच हवे होते असे मी म्हणेन. नियंत्रकाने दिलेला वेग १० नॉटांच्या आत-बाहेर राखला जातो या भरवशावर मागचे जेट सोडलेले असते. पुढचे विमान मुकाट्याने २०० वर आले आणि मागचे २३० वर राहिले, तर दोघांमधले अंतर दर मिनिटाला अर्ध्या मैलाने घटते. रडारवरचे किमान अंतर ३ मैल असेल तर दोन मिनिटांत त्यातला एक मैल गेला. म्हणून चार शब्द पुरेसे होते: "शेल्फखाली २००, २३० शक्य नाही." उलट बाजूने, १० नॉटांची ही सवलत नियंत्रकाच्या वेगाला आहे, नियमाच्या वेगाला नाही, २०० च्या जागी २०८ वर राहून 'दहाच्या आत आहे' असे म्हणता येत नाही.

याहून चांगला मार्ग ४,००० फुटांवर असतानाच होता. क्लास बीचा तळ ३,००० फुटांवर आहे आणि तळाची उंची क्लास बीमध्येच मोजली जाते. ३,००० फुटांवर सपाट राहिले तर २३० नॉट पूर्ण वैध, आणि नियंत्रकाचे संरक्षणही कायम. जेट सपाट उड्डाणात मैलाला साधारण १० नॉट सोडते, म्हणजे ३० नॉटांसाठी तीनेक मैल. उतरताना मात्र तेच विमान वेग सोडायला तयार नसते, गुळगुळीत शरीराचे जेट तर स्पीड ब्रेक (हवेचा अडथळा वाढवणारे पल्ले) उघडल्याशिवाय नाहीच. "३,००० वर राहू द्या, वेग कमी झाला की उतरतो" एवढी विनंती नियंत्रकाने बहुधा तत्काळ मान्य केली असती, कारण मागच्या जेटसाठीही ती सोयीची होती.

नियंत्रकाच्या वाट्याला काय येते? त्याचा हेतू स्वच्छ होता, पण २,५०० आणि २३० हे दोन आकडे त्याने एका श्वासात दिले तेव्हा त्याने वैमानिकासमोर न पाळता येणारी जोडी ठेवली. क्लास बीमधून बाहेर पडत असल्याचे सांगितले असते तर सहवैमानिकाचा प्रश्न अर्धा मिनिट आधी आला असता. तरीही अंतिम जबाबदारी कॅप्टनकडे राहते, कारण वेगाचा काटा त्याच्यासमोर आहे.

आणि सहवैमानिक? त्याने योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला आणि उत्तर मिळताच गप्प बसला. मला या प्रसंगातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य "इथे २०० आहे ना?" हे वाटते. त्यातला 'ना' कॅप्टनला नकार द्यायला जागा करून देतो. "शेल्फ, २००, मी कंट्रोलला सांगतो" असे म्हटले असते तर उत्तराची वाटच पाहावी लागली नसती.

दोघांनी नंतर काय केले, तेही नोंदवतो. विमान थांबल्यावर त्यांनी १० दिवसांच्या मुदतीत नासाच्या हवाई सुरक्षा अहवाल यंत्रणेला माहिती पाठवली. १९७६ पासून चालू असलेली ही यंत्रणा नावे गुप्त ठेवते, आणि अनवधानाने झालेल्या उल्लंघनाची माहिती वेळेत कळवणाऱ्याला दंडात्मक कारवाईतून सवलत मिळते. मात्र सहवैमानिकाने विचारल्यानंतरचा वेग अनवधानाने ठेवला होता, असे कॅप्टन म्हणू शकला नसता. पुढच्या उड्डाणापासून उतरणीच्या पूर्वसूचनेत त्यांनी एक ओळ वाढवली. विमानतळाची उंची, धावपट्टी, हवामान यांच्याबरोबर आता ते शेल्फच्या तळाची उंची मोठ्याने वाचतात, आणि तिच्या १,००० फूट वर असतानाच सहवैमानिक वेगदर्शकाकडे बोट दाखवून "२००" म्हणतो.